जंगलातली पायवाट कोणाची?

शनिवारी पहाटे पाठीवर सॅक अडकवून पंधरा-वीस जणांनी एकत्र निघावे, दिवसभर डोंगर आणि जंगल तुडवावे, रात्री एखाद्या गावाच्या कडेला अगर तळ्याच्या काठी तंबू ठोकावेत, आपला स्वयंपाक आपण करावा आणि रविवारी संध्याकाळी घरी परतावे, ही रीत पुण्या-मुंबईच्या तरुणांना सह्याद्रीमुळे कित्येक वर्षांपासून परिचित आहे. विदर्भात ती अलीकडे रुजू लागली आहे. भंडारा जिल्ह्यात आंबागडचे डोंगर, गायखुरीची रांग, गायमुख, चांदपूरचा तलाव या बाजूला हिवाळ्यात असे गट दिसतात. त्यांत नागपूरचे नोकरदार असतात, महाविद्यालयीन मुले असतात, आणि विशेष म्हणजे मुलीही बरोबरीने असतात. आमच्या पिढीतील काही मंडळी याकडे पोटभरल्यांचे चोचले म्हणून पाहतात. चळवळीतील एका जुन्या मित्राने मला स्पष्टच विचारले की, ज्या जिल्ह्यात धान पिकविणारा कर्जात आहे आणि बिडी वळणारीला पुरती मजुरी मिळत नाही, तेथे जंगलात हिंडण्याचा विषय समाजवाद्याने हाती घ्यावाच कशाला? या प्रश्नाचे उत्तर देणे मला अगत्याचे वाटते. कारण जंगलात कोणी, कशाने आणि कोणाच्या परवानगीने जायचे, हा शेवटी मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीचा प्रश्न आपण टाळला तर तो दुसरे कोणीतरी सोडवून मोकळे होतात.

प्रथम सुट्टीचाच विचार करू. रविवारची सुट्टी ही कोणी उदार होऊन दिलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० रोजी मिळाली, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची काही वर्षांची चिकाटी होती. कामाचे तास कमी करून घेण्याची लढाई ही केवळ थकवा कमी करण्याची लढाई नव्हती. मोकळ्या वेळाचे काय करायचे हे कामगाराने स्वतः ठरवावे, हा हक्क त्यात अभिप्रेत होता. युरोपातील समाजवाद्यांना हे लवकर उमगले. १८९५ साली व्हिएन्ना शहरात एक शाळामास्तर, एक लोहार आणि कार्ल रेनर नावाचा एक विद्यार्थी यांनी पुढाकार घेऊन ‘निसर्गमित्र’ ही कामगारांची गिर्यारोहण संघटना काढली. हाच रेनर पुढे ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर व राष्ट्राध्यक्ष झाला. तोपर्यंत आल्प्स पर्वत श्रीमंतांच्या क्लबांचा होता. या संघटनेच्या सभासदांनी वर्गणी काढून, स्वतः दगड वाहून डोंगरात विश्रामघरे बांधली. नाझींनी सत्ता हाती येताच जर्मनीत तिच्यावर बंदी घातली, हे लक्षात घेतले तर डोंगरात चालणे ही किती ‘राजकीय’ गोष्ट असू शकते ते कळेल.

इंग्लंडातील उदाहरण त्याहून बोलके आहे. मँचेस्टर व शेफील्ड या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांमध्ये किंडर स्काउट नावाचे पठार आहे. बेकारीच्या त्या काळात तरुण कामगारांना रविवारी स्वच्छ हवेची तेवढीच एक जागा होती. पण ती जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली, आणि पायी जाणाऱ्याला रखवालदारांकडून अटकाव. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढारीपणाखाली काहीशे जण ठरवून त्या पठारावर चढले. पाच जणांना तुरुंगवास घडला. त्या शिक्षेनेच प्रश्न देशभर पोचला, आणि १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागात प्रवेश यासंबंधीचा कायदा केला. त्या कायद्याचे श्रेय एकट्या किंडरला देणे बरोबर नाही, पण पायवाट हीही सार्वजनिक मालमत्ता असते, ही कल्पना तेथून सामान्यांच्या मनात घट्ट झाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथे आठवड्याची सुट्टी कोणाला आहे? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. चांगले झाले; मी त्याच्या विरुद्ध नाही. परंतु याच जिल्ह्यात घरी बसून हजारामागे ठरलेल्या दराने बिड्या वळणाऱ्या बाईला शनिवार काय आणि रविवार काय! १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात साप्ताहिक सुट्टीचे कलम होते, पण घरखेप करणारीच्या सुपात पाने आणि तंबाखू असेपर्यंत तिची बोटे थांबत नाहीत. ज्या पानात ती तंबाखू वळते ते तेंदूचे पान तिच्याच नात्यातली एखादी बाई मे महिन्याच्या उन्हात, पहाटे अंधारात घर सोडून, याच जंगलातून तोडून आणते. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात. तीही पहाटेच, आणि त्याच वेळी मोहाखाली अस्वलही आलेले असते. म्हणजे शहरातला माणूस जेथे विश्रांतीसाठी पायी जातो, तेथे गावातला माणूस रोजीसाठी पायी जातो. वाट एक, पाय दोन्ही माणसांचेच.

काही वर्षांपूर्वी माझे जुने विद्यार्थी मला अशाच एका भटकंतीला घेऊन गेले होते. (गुडघ्यांनी अर्ध्या वाटेत असहकार पुकारल्यामुळे मी पायथ्याच्या गावातच बसून राहिलो, आणि त्यामुळेच हे ऐकायला मिळाले.) डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन आलेली एक वृद्ध बाई शेजारी टेकली, सॅक अडकवून वर चढणाऱ्या पोरांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “तुमी पिशवी घेऊन हिंडाले येता तं पावणे, आनं आमी काडीचा भारा घेऊन आलो तं चोर. जंगल तं एकच हाय नं, गुर्जी?” अर्थशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली, पण मालमत्तेच्या हक्कांची इतकी नेमकी मांडणी मला वर्गात कधी साधली नव्हती.

भटकंती ही नवी आणि शहरी गोष्ट आहे, हाही एक गैरसमजच. विदर्भातील कुणबी, तेली, कोष्टी, गोंड, गोवारी, ढिवर समाजांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या महादेवाला पायी जात आली आहेत. महाशिवरात्रीला ‘पोहा’ निघतो तो म्हणजे काय? गावातील पंधरा-वीस माणसे, डोक्यावर बोचकी, त्यात पीठमीठ, वाटेत झाडाखाली मुक्काम, तीन दगडांची चूल, महादेवाची गाणी आणि डोंगराची चढण. गायमुखाला असे पोहे येतात. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा प्रतापगड तिकडे गेला. तेथे एकाच डोंगराच्या आसऱ्याने महादेव आणि दर्गा दोघेही नांदतात व दोघांचेही भाविक येतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघी पौर्णिमेला अनेक राज्यांतील गोंड बांधव जंगल चढून जातात. आणि पचमढीच्या नागद्वाराची यात्रा तर प्रसिद्धच आहे. नागपंचमीच्या आधीचे सुमारे दहा दिवस, भर पावसात, सातपुड्याच्या दाट अरण्यातून घसरड्या वाटांनी चालणाऱ्या त्या गर्दीत बहुसंख्य माणसे विदर्भातील असतात. तो भाग आज व्याघ्र प्रकल्पात मोडतो. इतर वेळी बंद असलेली वाट त्या दिवसांत उघडते. कचरा होतो, गर्दी होते, हे खरे आहे आणि त्यावर उपाय हवा. पण पायी डोंगर चढण्याची हौस ही वरच्या वर्गाची मिरासदारी आहे असे म्हणणाऱ्याने एकदा नागद्वारच्या वाटेवर उभे राहून पाहावे. फरक इतकाच की देवाच्या नावाने निघालेल्या गरिबाला आपण यात्रेकरू म्हणतो आणि देवाचे नाव न घेता निघालेल्या शहरी तरुणाला ट्रेकर.

मग अडचण कोठे आहे? ती अशी की जंगलाचे दार आज पायांना बंद आणि चाकांना उघडे, अशी व्यवस्था हळूहळू पक्की होत चालली आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. भंडाऱ्याजवळचे कोका आणि पवनीच्या बाजूचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये २०१३ सालची, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. एके काळी व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक नागझिऱ्यात मुक्काम ठोकून पायी हिंडला आणि त्यातून मराठीला एक पुस्तक मिळाले. आज पर्यटकाने ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, असा नियम आहे. वाघाच्या गाभ्याच्या क्षेत्रात हा नियम योग्यच आहे. परंतु गाडी, वाटाड्या, प्रवेश आणि कॅमेरा यांचे शुल्क भरून एका सकाळची फेरी करायची तर बिडी कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी त्यात जाते. जंगलाच्या वेशीवर राहणारी किती मुले या गाड्यांत कधी बसली असतील, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली वाढीच्या सामाजिक मर्यादांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक मुद्दा येथे चपखल बसतो. कापड, भांडी, सायकली यांचे उत्पादन वाढवता येते. पण निवांत तळे, एकाकी डोंगर यांचे उत्पादन वाढत नाही. सगळेच तेथे गेले तर ते निवांत राहत नाही. अशा वस्तू बाजारात सोडल्या की त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैसेवाल्याकडे जातात. येथे माझे काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात की दर चढे ठेवले म्हणजे गर्दी आटोक्यात राहते आणि जंगल वाचते. संख्येवर मर्यादा हवी, हे मलाही मान्य आहे. पण संख्या ठरविणे ही एक गोष्ट आणि त्या संख्येत कोण बसणार हे पैशाने ठरविणे ही दुसरी. रेशनच्या दुकानात आपण धान्य वाटतो ते लिलावाने नाही. पाळी लावता येते, चिठ्ठी टाकता येते, स्थानिकांसाठी आणि शाळांसाठी वाटा राखून ठेवता येतो. किमतीनेच वाटप करायचे हा निसर्गाचा नियम नव्हे, ती आपण केलेली निवड आहे.

शिवाय पैशाने आलेला माणूस जंगलाशी सभ्यपणे वागतो, ही समजूत तरी कितपत खरी? नागझिऱ्याहून गेलेला ‘जय’ नावाचा वाघ कऱ्हांडल्याच्या जंगलात स्थिरावला, त्याला पाहायला देशभरातून गाड्या आल्या, आसपासच्या जमिनींचे भाव चढले, आणि एप्रिल २०१६ नंतर तो वाघच दिसेनासा झाला. २०२४ सालच्या अखेरच्या दिवशी त्याच अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पुढून-मागून अडवली. नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. पायी चालणारा माणूस वाघाला घेरू शकत नाही. त्याची तशी छातीच होणार नाही.

याचा अर्थ असा नव्हे की झुंडीने वाघाच्या जंगलात शिरावे. २०२३ साली ब्रह्मपुरीच्या बाजूने आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. वाघांना येथे स्थिर होऊ द्यायचे असेल तर गाभ्याचे क्षेत्र शांत राहिले पाहिजे, आणि तेथे माझा पायी फिरण्याचा आग्रह मुळीच नाही. मी बोलतो आहे ते गाभ्याबाहेरील डोंगरांविषयी, गावांना लागून असलेल्या जंगलांविषयी. तेथेही बिबट आहे, अस्वल आहे, क्वचित वाघही आहे. म्हणून वाट जाणणारा गावचा माणूस बरोबर असल्याखेरीज कोणी जाऊ नये. हे अशक्य नाही. केरळात पेरियारच्या व्याघ्र प्रकल्पात, एके काळी चोरून झाडांची साल काढणारी आणि शिकार करणारी माणसेच आज पर्यटकांच्या लहान तुकड्यांना पायी जंगल दाखवतात आणि तेच जंगलाची राखणही करतात. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही ठराविक भागात पायी फिरण्याची सोय आहे. जे तेथे जमले ते भंडाऱ्यात का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पण ही वाट उघडायची कोणी? माझा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून पेसा कायद्याचा आधार येथे नाही. परंतु २००६ चा वनहक्क कायदा येथेही तितकाच लागू आहे. त्यातील सामूहिक वनहक्काने ग्रामसभेला आपल्या परंपरागत जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो, आणि पाचव्या कलमाने त्या जंगलात कोणाला कसा प्रवेश द्यायचा याचे नियम करण्याचा व ते पाळले जातील हे पाहण्याचाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली हा हक्क मिळविला आणि पुढे बांबू स्वतः विकून दाखविला. गडचिरोली व गोंदियातील अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. भंडाऱ्यात गोंडांबरोबर ढिवर व इतर समाजही जंगलावर आणि मालगुजारी तलावांवर जगत आले आहेत. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, ही अट जाचक आहे हे खरे, पण म्हणून दावेच दाखल करू नयेत असे नाही. ज्या ग्रामसभेच्या हाती बांबू आणि तेंदू येऊ शकतो तिच्या हाती पायवाट का येऊ नये?

गॅरेट हार्डिनने १९६८ साली लिहिले की सामाईक मालमत्ता म्हटली की तिचा विध्वंस ठरलेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील कुरणे, पाटबंधारे, मासेमारीच्या जागा तपासून दाखविले की गावकरी स्वतः नियम करतात, मोडणाऱ्यावर लक्ष ठेवतात आणि सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. त्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे पाणी शतकानुशतके पाळीने वाटले गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटू नये.

उलट आज काय होते आहे? शहरातील आयोजक समाजमाध्यमांवर जाहिरात करतो, माणशी पैसे घेतो, गट गाडीत घालून आणतो, तंबू आपले, शिधा शहरातून आणलेला, आणि गावाला काय मिळते तर रिकाम्या बाटल्या व रात्रीचा गोंगाट. काही आयोजकांनी तर पाहुण्यांच्या सॅक ट्रॅक्टरने पुढे पाठविण्याची सोय केल्याचे ऐकतो. आपले ओझे आपण वाहायचे, पाणी आपण भरायचे, भांडी पाळीने घासायची, यातच या भटकंतीचे सगळे शिक्षण होते. कारकून, प्राध्यापक, दुकानदाराचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एका चुलीभोवती बसून एकाच पातेल्यातली खिचडी खातात, असे प्रसंग आपल्या समाजात फार नाहीत. तेवढेही ट्रॅक्टरवर चढवून दिले तर मग उरले काय? आणि हे सगळे चालू असताना याच जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे शंभराहून अधिक वर्षे डोंगर फोडून मँगनीज काढले जात आहे. खाणीला माझा सरसकट विरोध नाही, त्यावर हजारो कुटुंबे जगली आहेत. पण डोंगर पोखरणाऱ्याला जागा मिळते आणि डोंगर चढणाऱ्याला, सरपण आणणारीला जाब द्यावा लागतो, ही विसंगती कोणीतरी बोलून दाखविली पाहिजे.

मला सुचते ते साधे आहे. आंबागड, गायमुख, चांदपूर या पट्ट्यातील दोन-तीन गावांनी प्रथम आपले सामूहिक वनहक्क पदरात पाडून घ्यावेत. मग ग्रामसभेने ठरवावे की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्याला किती माणसे येऊ द्यायची, कोणत्या वाटेने, कोणत्या वाटा पूर्ण बंद. तेंदू आणि मोहाच्या हंगामात कोणीही पाहुणा नको, कारण तेव्हा जंगल कामावर असते. आंबागडच्या किल्ल्यात नागपूरकर भोसल्यांच्या काळी कैदी ठेवीत. तो इतिहास सांगायला गावचाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी तयार व्हावी. वाटाड्याची मजुरी ग्रामसभेने ठरवावी आणि ती शासनाच्या किमान वेतनाहून कमी नसावी. राहण्यासाठी रिसॉर्ट बांधण्याची गरज नाही. १९०९ साली रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला सहलीत पावसाने गाठले, मुलांना घेऊन त्याने एका गावच्या शाळेत रात्र काढली, आणि सुट्टीत रिकाम्या राहणाऱ्या शाळांत मुक्कामाची सोय करावी, या विचारातून युथ हॉस्टेलची चळवळ उभी राहिली. आपल्याकडे ती १९४९ पासून आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी दुपारपासून रिकाम्या असतात. चटईचे माफक भाडे आणि बचत गटाच्या बायकांनी रांधलेली भाकर-भाजी, एवढ्यावर कोणत्याही तरुणाची रात्र सुखाची जाते.

या जागांतील एक हिस्सा बिडी कामगारांच्या, खाण कामगारांच्या, शेतमजुरांच्या मुलांसाठी विनामूल्य असावा, आणि त्या सहलींचा खर्च शहरातून येणाऱ्या गटांकडून घेतलेल्या रकमेतून भागवावा. शहरी तरुण याला नाखूश असतील असे मला वाटत नाही. मी त्यांच्यापैकी अनेकांना विचारले आहे. नाखूश होतील ते मधले आयोजक. त्यांनाही मज्जाव नको, त्यांनी ग्रामसभेशी लेखी करार करावा आणि हिशेब गावासमोर ठेवावा, इतकेच.

धानाची मळणी आटोपली की २६ जानेवारीला ग्रामसभा भरते. विषयपत्रिकेत घरकुले, नळयोजना, रस्ते येतात आणि तासाभरात सभा संपते. तुमसर भागातील आमच्या कार्यकर्त्यांनी या वेळी सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा विषय नोटिशीत आधीच घालून घ्यावा, आणि त्यातच जंगलातील वाटांचा एक हाताने काढलेला नकाशा जोडावा. तो नकाशा काढायला सरपणाला जाणाऱ्या बायकांना बसवावे. त्या वाटा त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नाहीत.